फारकत सरकारने घ्यायची होती

१९०५ सालच्या जून महिन्यात फ्रान्सच्या संसदेत पाद्र्यांच्या झग्यावरून जुंपली. धर्मसत्ता आणि राज्यसत्ता यांच्या फारकतीचं विधेयक चर्चेला होतं. द्रोम जिल्ह्याचे खासदार शार्ल शाबेर यांनी दुरुस्ती मांडली, की पाद्र्यांना पायघोळ झगा घालून रस्त्यावर फिरायला मनाई करा. झगा म्हणजे नुसतं कापड नव्हे, ते रोमच्या हुकमतीचं निशाण आहे. तो उतरला की आतला माणूस मोकळा होईल, आणि त्यांच्यातले शहाणे पाद्री तर या सुटकेची वाटच बघताहेत, असं त्यांचं म्हणणं.

विधेयकाची बाजू मांडणारे आरिस्तीद ब्रियाँ उत्तराला उभे राहिले. ब्रियाँ चर्चचे कैवारी नव्हते. समाजवादी होते, देवाधर्मापासून लांब राहणारे. तरी त्यांनी दुरुस्ती झिडकारली. स्वातंत्र्य देणाऱ्या कायद्याने लोकांनी काय घालावं हे ठरवायला जाणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं आहे, असं त्यांनी सांगितलं. एकदा फारकत झाली की सरकारच्या लेखी झगा हा चारचौघांच्या कपड्यांसारखा कपडा, ज्याला घालायचा त्याने घालावा. आणि बंदी घातलीच, तर पाद्री आणि शिंपी मिळून डोकं चालवतील आणि झगा नाही पण झग्यासारखंच दुसरं काहीतरी शिवून आणतील.

दुरुस्ती पडली. त्याच वर्षी ९ डिसेंबरला कायदा झाला.

ऑगस्ट २०२३ मध्ये मला हा शिंपी आठवला. फ्रान्सचे तेव्हाचे शिक्षणमंत्री गाब्रिएल आताल यांनी टीव्हीवर जाहीर केलं, की सरकारी शाळांत यापुढे अबाया चालणार नाही. ४ सप्टेंबरला शाळा उघडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे त्या दिवशी २९८ मुली अबाया घालून आल्या. बहुतेकींनी समजावल्यावर तो काढला, ६७ जणींनी नकार दिला आणि त्या घरी परत गेल्या. तीनच दिवसांनी कोन्सेय देता या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने बंदी उचलून धरली.

अबाया म्हणजे काय? लांब, सैल, अंगभर झगा. तसा झगा उन्हाळ्यात कुठल्याही दुकानात टांगलेला असतो. मग शाळेच्या फाटकात उभ्या असलेल्या मुख्याध्यापकाने अबाया आणि साधा लांब झगा यांच्यातला फरक कशावरून ओळखायचा? कापडावरून तो ओळखता येत नाही. उरतं ते मुलीचं नाव, रंग आणि तिचं घर. त्याच आठवड्यात ल्याँमध्ये किमोनो घालून आलेल्या मुलीला परत पाठवल्याची तक्रार झाली. ब्रियाँ यांनी ज्या शिंप्याचा धाक दाखवला होता, त्याच्यामागे प्रजासत्ताक टेप घेऊन धावू लागलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, की फारकत सरकारने घ्यायची होती. ती आता पंधरा वर्षांच्या पोरींकडून घेतली जाते आहे.

*

कायदा मुळात काय म्हणतो ते बघू, कारण त्याचं नाव घेणारे पुष्कळ आणि वाचणारे कमी. पहिलं कलम: प्रजासत्ताक सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याची हमी देतं आणि प्रत्येकाला आपला धर्म मोकळेपणाने आचरू देतं. दुसरं कलम: प्रजासत्ताक कोणत्याही धर्माला मान्यता देत नाही, पगार देत नाही, अनुदान देत नाही. पहिल्या कलमात नागरिकाला मोकळीक, दुसऱ्यात सरकारला वेसण. क्रमही मुद्दाम तसाच ठेवलेला आहे.

याचा व्यवहारातला अर्थ सोपा आहे. शिक्षक, कारकून, पोलीस, न्यायाधीश हे सरकारचे हात आहेत. कामावर असताना त्यांच्या अंगावर धर्माची खूण नको. समोर रांगेत उभा असलेला माणूस सरकारचा हात नाही. तो क्रॉस घालो, यहुदी टोपी घालो, फेटा बांधो, खिडकीतून त्याला तोच कागद, तेवढ्याच वेळात मिळायला हवा. लाइसिते म्हणतात ते हे. या शब्दाला आपण मराठीत कधी धर्मनिरपेक्षता म्हणतो, कधी निधर्मीपणा, आणि दोन्ही शब्द थोडे थोडे हुकतात. फारकत हा आपला जुना, घरगुती शब्द त्याला सगळ्यात जवळचा आहे. फारकत घेतली की एकाने दुसऱ्याच्या कपाटात डोकावायचं नसतं.

*

१९८९ च्या शरदात पॅरिसच्या उत्तरेला क्रेय गावातल्या एका शाळेने डोक्यावर रुमाल बांधून आलेल्या तीन मुलींना वर्गात घेतलं नाही. देशभर गहजब झाला. पाच नामवंत विचारवंतांनी एका साप्ताहिकात खुलं पत्र लिहिलं आणि मुलींना परत घेणं म्हणजे शाळेने म्युनिकसारखी शरणागती पत्करणं, असं बजावलं. तीन पोरी, आणि त्यांच्यासमोर हिटलरशी झालेल्या तहाची आठवण!

शिक्षणमंत्री लिओनेल जोस्पँ यांनी कोन्सेय देताचं मत मागवलं. २७ नोव्हेंबरला उत्तर आलं: विद्यार्थ्याने धर्माची खूण अंगावर घालणं हे केवळ तेवढ्यामुळे लाइसितेच्या विरोधात जात नाही. दबाव आणला, प्रचार केला, वर्ग बंद पाडला, व्यायामाच्या किंवा विज्ञानाच्या तासाला बसायला नकार दिला, तर शाळेने कारवाई करावी. प्रत्येक प्रकरण वेगळं बघावं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा कागद तोच. तो वागणुकीकडे बघतो, कपड्याकडे बघत नाही. पण त्यात शिक्षकांना डोकं चालवावं लागत होतं, आणि राजकारण्यांना भाषणासाठी एक वाक्य हवं होतं. ते वाक्य १५ मार्च २००४ ला मिळालं. सरकारी शाळेत धर्म ठळकपणे दाखवणाऱ्या खुणा आणि पोशाख यांच्यावर बंदी.

आता दुसरी बाजू, आणि ती मी पूर्ण सांगणार आहे, कारण ती खरी आहे.

ऑक्टोबर २००२ मध्ये पॅरिसच्या वेशीवरच्या व्हित्री गावात, वस्तीतल्या इमारतीच्या कचऱ्याच्या खोलीत, सतरा वर्षांच्या मुलीला एका मुलाने जिवंत जाळलं. तिचं घराणं अल्जीरियातून आलेलं. त्या वस्त्यांत मुलीने स्कर्ट घातला तर ती वाईट चालीची, रुमाल बांधला तर तिला कोणी हात लावणार नाही, असा हिशेब भाऊ, शेजारी आणि जिन्यात बसणारी पोरं मांडत होती. या मुलीच्या मरणानंतर तिच्यासारख्याच वस्त्यांतल्या मोजक्या बायका-पुरुषांनी फेब्रुवारी २००३ मध्ये देशभर पदयात्रा काढली आणि ८ मार्चला ती पॅरिसला पोचली. आम्ही वेश्याही नाही आणि बटीकही नाही, हेच त्यांच्या चळवळीचं नाव. फादेला अमारा त्यांच्या पुढारी. या यात्रेबद्दल वाचताना मला १८ एप्रिल १९६६ चा मुंबईतला मोर्चा आठवतो. हमीद दलवाई यांच्याबरोबर सात मुस्लिम बायका सचिवालयावर गेल्या होत्या, तोंडी तलाक बंद करा म्हणायला. फक्त सात. आकडा लहान असला तरी चालणाऱ्या बायका स्वतःच्या पायांनी चालत होत्या, आणि सरकारकडे जे मागायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

व्हित्रीहून निघालेल्या यात्रेने काय मागितलं? घरातून पळून आलेल्या मुलींना रात्री राहायला जागा. पोलीस चौकीत बाईचं म्हणणं नीट ऐकून घेणारं कोणीतरी. वस्तीत आदराने वागायला शिकवणारं शिक्षण. पुढे या चळवळीच्या पुढाऱ्यांनी रुमालबंदीलाही पाठिंबा दिला, हेही सांगायलाच हवं. पण या सगळ्यातलं जे फुकटात होणार होतं, तेच सरकारने सर्वांत आधी केलं. रात्रीच्या आसऱ्याला पैसे लागतात. वस्तीत चांगले शिक्षक टिकवायला पैसे लागतात. रुमाल काढ म्हणायला एक छापील कागद पुरतो.

बेर्नार स्तासी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचंही तेच झालं. राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी २००३ मध्ये वीस जणांची समिती नेमली. डिसेंबरात तिने अहवाल दिला. त्यात बंदीची शिफारस होती, आणि सगळ्या शाळांना यहुद्यांच्या योम किप्पूरची आणि मुसलमानांच्या बकरी ईदची सुटी द्यावी, अशीही शिफारस होती. फ्रान्समध्ये अकरा राष्ट्रीय सुट्या आहेत, त्यांतल्या सहा कॅथलिक सणांच्या. ईस्टरचा सोमवार, स्वर्गारोहण, पेंटेकॉस्टचा सोमवार, मारियेचं स्वर्गग्रहण, सर्व संतांचा दिवस, नाताळ. बंदीची शिफारस तीन महिन्यांत कायदा झाली. सुट्यांची शिफारस तशीच पडून राहिली. समितीने घेणं आणि देणं एकत्र बांधलं होतं. सरकारने गाठ सोडून फक्त घेण्याचं गाठोडं उचललं.

*

बंदीने मुलींचं भलं झालं का? यावर अभ्यास आहेत आणि ते एकमेकांशी भांडतात. एरिक मोराँ आणि त्यांचे सहकारी म्हणतात, १९९४ मध्ये शिक्षणमंत्री फ्राँस्वा बायरू यांच्या परिपत्रकाने शाळा कडक झाल्या, तेव्हा मुस्लिम घरांतल्या मुलींचं शिक्षण पूर्ण होण्याचं प्रमाण सुधारलं. स्टॅनफर्डच्या आला अब्देलगादिर आणि वासिलिकी फूका यांनी २०२० मध्ये २००४ च्या कायद्याचा हिशेब मांडला आणि उलटं निघालं: मुलींचं माध्यमिक शिक्षण रेंगाळलं, भेदभाव होतोय ही भावना वाढली आणि धर्माची ओळख आणखी घट्ट झाली.

दोन्ही अभ्यास मी गांभीर्याने घेतो. घरच्यांच्या दबावातून एखादी मुलगी बंदीमुळे खरोखर सुटली असेल, आणि तिच्या शेजारच्या बाकावरची खरोखर शाळेतून तुटली असेल. पहिलीचं सुख मला कमी लेखायचं नाही. पण कायदा करणाऱ्याने दुसरीच्या घरी जाऊन तिला उत्तर द्यायला हवं, आणि तिथे अजून कोणी गेलेलं नाही.

त्या दुसरीसारख्या मुलींचं काय झालं, त्याचा एक भाग असा, की त्यांच्यातल्या काही जणी कॅथलिक शाळांत गेल्या. बंदी सरकारी शाळांपुरती आहे. खासगी शाळा, आणि त्या जवळजवळ सगळ्या कॅथलिक, १९५९ च्या दब्रे कायद्यापासून सरकारशी करार करून चालतात. शिक्षकांचे पगार सरकार देतं. सुमारे वीस लाख मुलं तिथे शिकतात. म्हणजे ज्या मुलीला सरकारी शाळेने रुमालामुळे नाकारलं, तिला नन्सनी सुरू केलेल्या शाळेत रुमालासकट बाक मिळाला, आणि तिथल्या शिक्षकाचा पगारही सरकारच्याच तिजोरीतून गेला. त्या शाळांचे मी आभार मानतो. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सरकारला मात्र मी विचारतो, की जे काम तुमचं, ते चर्चच्या दारात का गेलं?

शीख मुलांची गोष्ट फार थोड्यांना आठवते. २००४ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यी इथल्या शाळेतून तीन शीख मुलांना फेट्यापायी काढलं. त्यांनी कोणावर दबाव आणला नव्हता, प्रचार केला नव्हता. कायदा लिहिताना त्यांचा विचारच झालेला नव्हता.

*

आता अल्जीरियाकडे जाऊ, कारण ही गोष्ट तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

१८३० पासून १९६२ पर्यंत अल्जीरिया फ्रान्सच्या ताब्यात होता, आणि कागदोपत्री तर तो फ्रान्सचा भागच, त्याचे जिल्हेसुद्धा पाडलेले. पण तिथल्या मुसलमानाला नागरिक व्हायचं तर १८६५ च्या नियमाप्रमाणे आपला मुस्लिम व्यक्तिगत कायदा सोडून द्यावा लागे. १८७० च्या क्रेमिअ हुकमाने अल्जीरियातल्या यहुद्यांना एकगठ्ठा नागरिकत्व मिळालं. मुसलमान प्रजाच राहिला. आणि मुसलमान कोण? १९०३ मध्ये अल्जीयर्सच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की हा शब्द निव्वळ धर्माचा नाही. ख्रिस्ती झालेला मुसलमानही कायद्याच्या नजरेत मुसलमानच. धर्म सोडला तरी शिक्का सुटत नव्हता. आजही फ्रान्समध्ये नमाज न पढणाऱ्या, रोजे न ठेवणाऱ्या, चारचौघांसारखी वाइन पिणाऱ्या माणसाला मुस्लिम समाजाचा प्रतिनिधी म्हणून टीव्हीवर बोलावतात, तेव्हा तो १९०३ चा निकाल अजून जिवंत आहे असं मला वाटतं.

फारकतीचा कायदा झाला तेव्हा तो अल्जीरियातही लागू करायचा होता. १९०७ मध्ये हुकूमनामा निघाला, आणि त्यातच पळवाट ठेवली होती. राष्ट्रहितासाठी इमामांना सरकारी भत्ता देता येईल. तात्पुरती म्हणून दिलेली ही सवलत वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेली. मशिदी सरकारच्या देखरेखीखाली, इमाम सरकारच्या पसंतीचे, भत्ता सरकारच्या हातातून. मुख्य भूमीवर चर्चपासून सुटका करून घेतलेलं प्रजासत्ताक समुद्रापलीकडे मशिदीचा मुनीम झालं, कारण इमाम हाताशी असला की प्रजा हाताशी राहते.

१९३१ मध्ये अब्देलहमीद बेन बादिस आणि इतर धर्मपंडितांनी अल्जीरियाच्या उलेमांची संघटना काढली. त्यांची एक ठाम मागणी होती: १९०५ चा कायदा इस्लामलाही लावा. आमच्या धर्मातून सरकारने हात काढावा. दाढीवाले, पगडीवाले मौलवी पॅरिसकडे लाइसिते मागत होते, आणि पॅरिस ती देत नव्हतं. इस्लामला फारकत पेलत नाही असं जो कोणी आज छातीठोकपणे सांगतो, त्याने या मागणीसमोर थोडं थांबावं.

मे १९५८ मध्ये, अल्जीरियाच्या स्वातंत्र्याचं युद्ध ऐन भरात असताना, अल्जीयर्सच्या चौकात सभा भरवून काही मुस्लिम बायकांचे बुरखे जाहीरपणे उतरवले गेले. त्या सभांच्या मागे लष्करी अधिकारी आणि त्यांच्या बायकांच्या संघटना होत्या. बाईला मोकळं केल्याची छायाचित्रं जगभर पाठवायची होती. पुढची चार वर्षं युद्ध चाललं. आज पॅरिसच्या उपनगरात रुमाल बांधणाऱ्या मुलीच्या आजीने ती सभा पाहिलेली असू शकते. रुमाल काढण्याचा हुकूम त्या घरात कसा ऐकू येत असेल, याचा विचार शाळेच्या फाटकावर होत नाही. आजीचं दुःख नातीच्या रुमालाचं समर्थन ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण हुकूम देणाऱ्या तोंडाला स्वतःचा इतिहास ठाऊक असावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

*

पैशाची बाजू थोडक्यात. १९०५ पूर्वी बांधलेली चर्चं नगरपालिकांची आणि कॅथेड्रलं सरकारची मालमत्ता आहेत; कॅथलिक लोक ती फुकट वापरतात. नोत्र दामही सरकारचंच. मशिदी नंतर आल्या, म्हणून त्यांच्या वाट्याला दुसरं कलम आलं: अनुदान नाही. मग पैसा मोरोक्कोतून, अल्जीरियातून, तुर्कस्तानातून, आखातातून आला, त्याच्याबरोबर इमामही आले, आणि मग परदेशी हस्तक्षेप होतो म्हणून सरकारच ओरडू लागलं.

आल्सास आणि मोझेल हे भाग १९०५ मध्ये जर्मनीकडे होते, म्हणून तिथे फारकतीचा कायदा आजही लागू नाही. कॅथलिक पाद्री, दोन पंथांचे प्रोटेस्टंट पाद्री आणि यहुदी रब्बी यांचे पगार तिथे सरकार देतं. स्ट्रासबुर्गच्या बिशपची नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या सहीने होते. इस्लाम या चार मान्य पंथांत नाही. २०२१ मध्ये स्ट्रासबुर्गच्या नगरपालिकेने एका मशिदीला पंचवीस लाख युरो द्यायचं ठरवलं, आणि तिथल्या स्थानिक कायद्यात ते बसत होतं, तेव्हा गृहमंत्र्यांनी आकाशपाताळ एक केलं. त्या मशिदीमागच्या तुर्की संघटनेबद्दलचे त्यांचे आक्षेप गंभीर होते, ते तपासायलाच हवे होते. पण ज्या प्रदेशात बिशपला सरकारी पगार मिळतो, तिथे उभं राहून लाइसितेची शपथ कोणी घेऊ नये.

सगळा युरोप या बाबतीत दोन मापं वापरतो. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने २००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एका प्राथमिक शिक्षिकेच्या रुमालाला प्रभावी बाह्य खूण म्हटलं. लहान मुलांवर तिचा परिणाम होऊ शकतो म्हणून बंदी योग्य. २०११ मध्ये त्याच न्यायालयाने इटलीच्या शाळांत भिंतीवर टांगलेल्या क्रूसाला मूलतः निष्क्रिय खूण म्हटलं, राहू द्या. शिक्षिका सरकारची नोकर आहे, तेव्हा तिच्यावरची बंदी मला पटते. पण भिंत सरकारची नाही का?

*

आता ज्या विषयावर मी एक इंचही मागे हटणार नाही, तो.

ऑक्टोबर २०२० मध्ये काँफ्लाँ-सँत-ओनोरीन गावातले इतिहास-भूगोलाचे शिक्षक सामुएल पाती यांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या तासाला शार्ली एब्दो या व्यंगपत्रातली महंमद पैगंबरांची व्यंगचित्रं दाखवली. ज्यांना त्रास होईल त्यांनी बघू नये, अशी मोकळीकही दिली. त्या तासाला हजरच नसलेल्या एका मुलीने घरी खोटं सांगितलं, बापाने चौकशी न करता व्हिडिओ टाकला, एका कट्टर प्रचारकाने त्याला हवा दिली, आणि १६ तारखेला अठरा वर्षांच्या एका पोराने पाती यांचा गळा चिरला. डिसेंबर २०२४ मध्ये विशेष न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं.

इथे वसाहतवाद, वस्ती, बेकारी यांतलं एकही कारण मी पुढे करू देणार नाही. १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यापासून फ्रान्समध्ये धर्मनिंदा हा गुन्हा नाही. कॅथलिकांनी येशूची, पोपची व्यंगचित्रं एकशे चाळीस वर्षं गिळली आहेत. मुसलमानांनाही ती गिळावी लागतील, आणि हे मुस्लिम संस्थांनी स्वतःच्या मंचावरून, शुक्रवारच्या खुतब्यातून, 'पण' हा शब्द न लावता सांगायला हवं. काहींनी सांगितलं. पुष्कळांनी निषेधाच्या पाठोपाठ लगेच भावना दुखावल्याचंही सांगितलं, आणि त्या दोन गोष्टी एका श्वासात बोलणं मला माफ करता येत नाही. शिक्षकाने वर्गात काय दाखवावं हे मशिदीने ठरवायचं नाही, चर्चने नाही, बापानेही नाही. शाळेची फारकत खरी इथे आहे, फळ्यापाशी. ती राखायला प्रजासत्ताकाने सगळी ताकद लावावी. पाती शेवटचे दहा दिवस घाबरलेले होते. शाळेतून घरी जाताना बॅगेत हातोडी ठेवत होते. झग्याची लांबी मोजणारं सरकार त्यांच्यासाठी एक पोलीस उभा करू शकलं नाही.

*

समाजात मिसळून जा, असं मुसलमानांना रोज सांगितलं जातं. मिसळू देतात का, ते तपासायला अदिदा, लेटिन आणि व्हालफोर या तिघा अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. नोकरीसाठी दोन काल्पनिक बायकांचे अर्ज पाठवले. आडनाव एकच, सेनेगलमधलं, द्यूफ. रंग एक, शिक्षण सारखं, अनुभव सारखा. एकीचं नाव मारी आणि तिने कॅथलिक मदत संस्थेत काम केलेलं, दुसरीचं खदीजा आणि तिने इस्लामी मदत संस्थेत. शंभरातल्या २१ ठिकाणांहून मारीला बोलावणं आलं. खदीजाला आठ.

खदीजाच्या अर्जात फरक होता तो नावाचा आणि मदत संस्थेचा. रुमालाचा तिथे प्रश्नच नव्हता. तिने रुमाल काढला असता, लाइसितेची सगळी कलमं पाठ केली असती, तरी आकडा आठच राहिला असता. कपड्यावर बोलणारे मंत्री या आकड्यावर तेवढ्या आवाजात बोलताना मी ऐकलेले नाहीत.

*

११ ऑक्टोबर २०१९. दिजाँ शहरात बुर्गोन्य-फ्राँश-काँते प्रदेशाच्या परिषदेची बैठक. प्रेक्षकांच्या जागेत बेलफोरहून आलेली प्राथमिक शाळेची मुलं बसलेली. बरोबर त्यांच्या बाई आणि मदतीला काही पालक. एका आईच्या डोक्यावर रुमाल. अतिउजव्या पक्षाचे सदस्य झ्यूलिएँ ओदूल उभे राहिले आणि त्यांनी अध्यक्षांकडे मागणी केली, की लाइसितेच्या नावाने या बाईंना रुमाल काढायला सांगा, नाहीतर बाहेर पाठवा.

अध्यक्ष मारी-गीत द्युफे यांनी साफ नकार दिला. पालक सरकारी नोकर नाहीत आणि सभागृहाचा नियम रुमालाला आड येत नाही, हे त्यांनी सांगितलं. ब्रियाँ असते तर हेच बोलले असते. ओदूल आणि त्यांच्या पक्षाचे सदस्य सभात्याग करून निघून गेले.

तोवर त्या बाईंचा लहान मुलगा रडायला लागला होता. आईने त्याला कुशीत घेतलं. तेवढाच क्षण छायाचित्रात आहे: आईचा रुमाल, तिच्या खांद्यात तोंड लपवलेला मुलगा, मागे वर्गातली बाकीची मुलं. शाळेची ही सहल एका उपक्रमाखाली काढलेली होती, त्याचं नाव 'माझं प्रजासत्ताक आणि मी'.